तापलेली गाडी

चिचगडच्या बाजारात पोती उतरेपर्यंत प्रफुलनं गाडी बंद केली, तिथंच घात झाला. पोती उतरली, ताडपत्रीची घडी झाली, हमाल पाणी प्यायला गेले आणि प्रफुलनं किल्ली फिरवली तर गाडी चालू होईना. सेल्फ जोरात फिरत होता, बॅटरीत दम होता, पण इंजिन पकड घेत नव्हतं. मागून नुसता पांढरा धूर निघायचा, तोही थोड्या वेळानं थांबला. वैशाखाचं ऊन टपावर पडलेलं. स्टिअरिंगला हात लावला तरी भाजत होता. मागं ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत राहिला. चार-पाच माणसांनी धक्का मारून गाडी कशीबशी बाजूच्या चिंचेखाली नेली.

प्रफुलनं भावाला फोन केला. गोवर्धन शेतावर होता. उन्हाळी धानाचं पाणी सोडून, पाय धुऊन, मोटरसायकल काढून तो यायला बराच वेळ गेला. तोवर चिंचेची सावली गाडीवर पूर्ण आली होती. गोवर्धन वर चढला, भावाला सरकवून बसला आणि त्यानं किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात चालू झाली.

पानठेल्यावर बसलेली माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, गाडी मालकाले वळखते.

"थंडी झाली म्हणून चालू झाली, दादा," प्रफुल म्हणाला. "गरम असली का नाही होत."

"गरम तं साऱ्याच गाड्या होतेत," गोवर्धन म्हणाला आणि उतरून मोटरसायकलकडे गेला.

असं त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा झालं नव्हतं. गाडी जुनीच होती. बाप गेल्यावर दोघा भावांनी मिळून घेतलेली. गोवर्धननं शेती सांभाळायची, प्रफुलनं गाडी, असं ठरलं होतं आणि ते इतकी वर्षं नीट चाललं होतं. धान, विटा, तेंदूपत्त्याची पोती, लग्नाचा मंडप, जे मिळेल ते प्रफुल वाहायचा. गोवर्धनलाही गाडी चालवता यायची, पण तो हात लावत नसे. गाडी प्रफुलची, असंच गावही म्हणायचं.

गोवर्धनची बायको रुख्मा या घरात आली तेव्हा प्रफुल आईवाचून वाढत असलेलं शेंबडं पोर होतं. तिनंच त्याला न्हाऊ घातलं, शाळेत घातलं, गोवर आला तेव्हा रात्री जागून काढल्या. तिला स्वतःला मूल झालं नाही. पुढं प्रफुलचं लग्नही तिनंच नवेगाव बांधच्या नूतनशी जमवलं. त्या उन्हाळ्यात नूतनला दिवस गेलेले होते, आणि घरात पहिल्यांदा पाळणा हलणार म्हणून रुख्मा जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत होती.

गाडी देवरीला बकाराम मिस्त्रीकडे नेली. नेली तेव्हा चालू, पण त्याच्या हातातलं दुसरं काम होईपर्यंत ती सावलीत उभी राहिली. बकारामनं किल्ली फिरवली आणि ती लागलीच चालू झाली. तरी त्यानं फिल्टर बदलला, सेल्फ उघडून साफ केला, बॅटरीच्या तारांची टोकं घासली. पुन्हा तेच झालं. पुन्हा नेली. पुन्हा त्याच्यासमोर गाडी शहाण्यासारखी वागली. शेवटी बकारामनं हात पुसत पुसत गोवर्धनला बाजूला घेतलं. गाडीत काही नाही, असं तो म्हणाला, बिघाड गाडीत नसला तर चालवणाऱ्यात असतो, जरा नजर ठेवा.

बकारामनं ते सहज म्हटलं असेल. गोवर्धनच्या मनात मात्र ते रुतून बसलं.

प्रफुलनं मग आपला उपाय शोधला. तो गाडी बंदच करीना. माल भरताना, उतरवताना, जेवतानासुद्धा इंजिन धडधडत ठेवायचा. घरी आला की अंगणात शेवटची बंद करायची आणि सकाळी थंडगार असताना चालू करायची. वाटेत अगदीच बंद करावी लागली, तर उतारावर उभी करायची. उतारावरून सोडून, गिअरात टाकून एकदम क्लच सोडला की ती कशीबशी पकडायची. पण देवरीच्या बाजूला हायवेवर असा उतार एकच होता, आणि तो होता एका ढाब्यासमोर. त्या ढाब्यामागं ड्रायव्हर लोक नळी लावून डिझेल विकतात हे साऱ्या मुलखाला ठाऊक होतं.

डिझेल जास्त लागू लागलं, ते तर होणारच होतं. त्यातच गावातल्या मनिरामनं, तो बसनं देवरीला ये-जा करायचा, गोवर्धनला एकदा विचारलं, तुमची गाडी रोज त्या ढाब्यावर काऊन उभी राहते?

गोवर्धननं भावाला काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी त्यानं कुंपणातली बांबूची एक काडी तोडली, तासून साफ केली आणि गाडीच्या टाकीत बुडवून पाहिली. डिझेल कुठवर ओलं लागलं तिथं नखानं खूण केली. दुसऱ्या संध्याकाळी गाडी आल्यावर पुन्हा बुडवली. हे रोज सुरू झालं. प्रफुल हातपाय धुऊन ओट्यावर बसायचा आणि त्याच्यासमोर गोवर्धन टाकीचं झाकण काढून काडी आत घालायचा. पहिल्या दिवशी प्रफुलला वाटलं, दादा टाकी पाहतोय. दुसऱ्या दिवशी त्याला कळलं. त्यानं उतार सांगितला, चालू ठेवलेलं इंजिन सांगितलं. गोवर्धननं ऐकून घेतलं आणि काडी पुसून ठेवली. पुढं प्रफुल सांगेनासा झाला. नूतन त्या वेळी अंगणात येत नसे. दाराआडून चुलीचा धूर डोळ्यात गेल्यासारखी डोळे पुसत उभी राहायची.

रुख्माला प्रफुल खोटं बोलत नाही हे माहीत होतं. लहानपणी साखर चोरली तरी तो स्वतःच येऊन सांगायचा. पण नवऱ्याच्या मनात शिरलेलं काढायला कुठून सुरुवात करावी हे तिला उमजेना. आज बोलू, उद्या बोलू, असं करत तिनं दिवस घालवले.

मृग तोंडावर आला होता. आभाळ भरून यायचं, पण पडत नव्हतं, नुसती उमस. त्या दिवशी प्रफुल अंधारून आल्यावर परतला. गाडी पुन्हा हायवेवर अडली होती आणि निवेपर्यंत तो रस्त्याकडेला बसून राहिला होता. अंगाला धूळ, ओठ सुकलेले. त्यानं पाणीही घेतलं नव्हतं. गोवर्धननं काडी बुडवली, उजेडात धरून पाहिली आणि हात पुढं केला.

"चाबी दे."

प्रफुलनं खिशातून किल्ली काढली. दिली मात्र नाही.

"दादा, मी डिझेल इकलो नाही."

"मंग जाते कुठं? मी आलो का गाडी चालू, मिस्त्रीजवर चालू, फक्त तुझ्याच हातानं बंद पडते?"

"मी सांगून राहिलो ना. तापली का..."

"चोर बाहेरचा असन तं कुलूप लावता येते," गोवर्धन म्हणाला. "घरातला असन तं कुठं लावाचं?"

प्रफुल भावाकडे पाहत नव्हता. तो चुलीकडे पाहत होता. रुख्मा भाताची पेज गाळत होती. भाताच्या गंजावर झाकण धरून तिनं तो तिरपा केला होता आणि पेज वाफेसकट खालच्या भांड्यात पडत होती. तिनं मान वर केली नाही. पेज संपली, शेवटचे थेंब पडले, तरी ती गंज तसाच तिरपा धरून बसली.

प्रफुलनं किल्ली ओट्यावर ठेवली.

सकाळी तो आणि नूतन पहिल्या बसनं गेले. एक पेटी आणि एक बोचकं, एवढंच नेलं. शिवलेल्या गोधड्या रुख्मानं पुढं केल्या तेव्हा नूतननं त्या पुन्हा उतरंडीवर ठेवल्या आणि वाकून तिच्या पाया पडली.

पाऊस लागला. धानाचे रोवणे झाले. रुख्मा चिखलात कंबर मोडून रोवत असताना बाया एकमेकींना खुणावत, हे तिला पाठमोरी असतानाही कळायचं. गावात सगळ्यांना कारण कळलं होतं. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून गोवर्धन मधून मधून सकाळी ती चालू करायचा. दरवेळी ती एका झटक्यात चालू व्हायची. दरवेळी तो रुख्माकडे पाहायचा आणि ती शेण भरायला निघून जायची.

पोळ्यानंतर नूतनच्या माहेरून निरोप आला. पोरगी झाली होती. प्रफुल राजनांदगावकडे कोणाच्या तरी ट्रकवर ड्रायव्हर होता आणि बाळंतपण तिकडेच झालं होतं. रुख्मानं निरोप आणणाऱ्याला गूळ दिला आणि आत जाऊन बसली.

दिवाळी झाली, धान कापून झालं, चुरून दाणा वेगळा झाला. मिलवर धान न्यायची वेळ आली. ड्रायव्हर ठेवायचा तर पुन्हा परका माणूस, म्हणून गोवर्धन स्वतः बसला. पहिल्याच खेपेला देवरीच्या मिलवर लाइन लागलेली होती. त्यानं गाडी बंद केली, खाली उतरून तंबाखू मळली. लाइन पुढं सरकली. त्यानं किल्ली फिरवली.

सेल्फ फिरत राहिला. गाडी चालू झाली नाही.

त्यानं थांबून पुन्हा पाहिलं. ॲक्सिलरेटरवर पाय देऊन पाहिलं, पाय काढून पाहिलं. मागच्या गाड्या ओरडू लागल्या. मिलचा मुनीम छत्रीच्या सावलीतून उठून आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. सकाळी तर चालू होती, गोवर्धननं सांगितलं, रोज एका झटक्यात चालू होते, पण आता तापली म्हणून होत नसावी. मुनीम त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. रात्रीची उतरली नसेल अजून, असं काहीसं हिंदीत म्हणाला आणि हमाल हसले. गोवर्धन आयुष्यात कधी दारू प्यायला नव्हता. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण जे सांगणार ते सारं खरं आहे आणि तरीही त्यातलं एकही वाक्य हा माणूस धरणार नाही. त्यानं गिअर न्यूट्रलला टाकला. हमालांनी गाडी ढकलून बाजूला लावली.

संध्याकाळचा गारवा पडल्यावर ती चालू झाली.

घरी येऊन त्यानं रुख्माला हे सांगितलं नाही. जेवताना मात्र म्हणाला, उद्या गोंदियाला जाऊ, गाडी दाखवायची आहे. तूही चल.

गोंदियात इंजिनांचे डिझेल पंप दुरुस्त करणारा उदाराम मिस्त्री होता. बुटका, चष्मा दोरीनं बांधलेला. गोवर्धननं सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यानं मधेच थांबवून एवढंच विचारलं, की गाडी आत्ता गरम आहे ना? मग बंद करा, म्हणाला. गोवर्धननं बंद केली. चहा येईपर्यंत थांबून उदारामनं किल्ली फिरवली. गाडी चालू झाली नाही. उदारामनं समाधानानं मान हलवली. बिघाड समोर असला म्हणजे धरता येतो, असं तो म्हणाला.

त्यानं एकेक गोष्ट बाजूला सारली. सेल्फचा आवाज ऐकला, तो चांगला होता. टाकीकडून येणारी नळी पाहिली, हवा धरत नव्हती. पंपापर्यंत डिझेल येत होतं. मग त्यानं इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या पाइपचा नट ढिला केला आणि गोवर्धनला सेल्फ मारायला सांगितलं. तिथून डिझेलची पिचकारी उडायला हवी होती. नट नुसता ओला झाला.

उदारामनं एक पोतं मागवलं, त्याची घडी करून पंपावर गुंडाळली. माठातलं पाणी एका भांड्यात काढलं आणि जवळ उभ्या असलेल्या रुख्माच्या हातात दिलं. हळूहळू ओता, बाई, म्हणाला. रुख्मानं पोत्यावर पाणी सोडलं. पोत्यातून वाफ निघाली. दुसरं भांडं ओतलं, तिसरं ओतलं. पाणी खाली गळून तिच्या पायांवर आलं, तेव्हा ते कोमट लागत होतं. बराच वेळ ती ओतत राहिली. मग उदारामनं नट आवळून गोवर्धनला खूण केली.

गाडी एका झटक्यात चालू झाली.

"पंप झिजला, भाऊ," उदाराम इंजिनच्या आवाजावर म्हणाला. "डिझेल थंडं असते तंवर जाडं राहते, झिजल्या पंपातई दाब धरते. तापलं का पातर होते, आतल्या आतच गळून जाते. नोझलपर्यंत पोचतच नाही. चालत्या गाडीत कळत नाही, बंद केली का कळते."

किती दिवसांपासून असं असेल, हे गोवर्धननं विचारलं. हे एका दिवसात होत नाही, उदाराम म्हणाला, उन्हाळ्यात तर लई तरास दिला असेल, चालवणाऱ्याला विचारा.

गोवर्धन सीटवर बसून राहिला. इंजिन चालूच होतं. रुख्मा रिकामं भांडं छातीशी धरून खाली उभी होती. तिचे पाय चिखलात होते.

"पोरगा हेच सांगून राहिला होता," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. पण गोवर्धनला ऐकू गेलं.

पंप दुरुस्त होऊन आला. गोवर्धननं गाडी तापवून, बंद करून, पुन्हा चालू करून पाहिली. मग नवेगाव बांधहून पत्ता घेतला, एक पोतं नवे तांदूळ आणि गोधड्या मागं टाकल्या, आणि दोघं राजनांदगावकडे निघाले. वाटभर गोवर्धन मनात वाक्यं जुळवत होता. भाऊ आधी रागावेल, मग निवेल, संध्याकाळी तोच गाडी चालवत आपल्याला घरी नेईल, असं त्याला वाटत होतं.

शहराबाहेर एका बोळात पत्र्याची खोली होती. बोळ इतका अरुंद की गाडी आत घालताना दोन्हीकडच्या भिंती खरवडतील अशी भीती. प्रफुल नुकताच खेपेवरून येऊन आंघोळ करत होता. ओल्या अंगानंच बाहेर आला. भावाला पाहून क्षणभर उभा राहिला, मग वाकून पाया पडला. वहिनीच्याही पडला. तो वाळला होता. नूतननं डोक्यावर पदर घेऊन चटई टाकली, चहा ठेवला. पोरगी तिच्या खांद्यावर झोपली होती.

गोवर्धननं पंपाचं सारं सांगितलं. काहीही लपवलं नाही. मिलवरची गोष्ट सांगितली, मुनीम काय म्हणाला तेही. पोत्यावर पाणी ओतल्याचं सांगितलं. प्रफुल लक्ष देऊन ऐकत होता. पंपाची गोष्ट निघाली तेव्हा त्यानं एक-दोन प्रश्नही विचारले, कारण ती गाडी त्यानं वर्षानुवर्षं चालवली होती आणि तिला काय झालं होतं हे त्यालाही कळायला हवं होतं.

"माझी चुकी झाली," गोवर्धन शेवटी म्हणाला. "चाल घरी."

प्रफुलनं चहाचा कप खाली ठेवला.

"दादा, गाडीतला बिघाड भेटला म्हणून तू आला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "नसता भेटला तं?"

गोवर्धननं जुळवलेल्या वाक्यांत हा प्रश्न नव्हता. तो चटईची काडी मोडत बसला. बाहेर बोळात कोणीतरी बादली ओढत नेत होतं.

"त्या दिवशी मी तोंड उघडाले पाह्यजे होतं, बावा," रुख्मा प्रफुलला म्हणाली.

प्रफुल तिच्याकडे वळला. भावाशी बोलताना कोरडे राहिलेले त्याचे डोळे आता भरून आले.

"तू एक शब्द बोलली असती, वयनी, तं मी गेलो नसतो. दादा कायबी म्हणो."

रुख्मानं पदर तोंडाशी नेला. मग ती उठून नूतनजवळ गेली आणि हात पुढं केले. नूतननं पोरगी तिच्या हातात दिली. पोरीचे पाय काटकुळे, कातडी कोरडी होती. रुख्मानं तिचे तळवे अंगठ्यानं चोळून पाहिले.

"हिले तेल कोन लावते?" तिनं विचारलं.

नूतन म्हणाली, मीच, वेळ भेटला तर. बाळंतपणात शेजारची एक बाई यायची, तीही आता कामाला जाते.

"मी राहीन इथं," रुख्मा म्हणाली. नवऱ्याला विचारलं नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. "हिचं अंग भरेपर्यंत राहीन."

नूतननं उठून गाडीतून गोधड्या आणल्या आणि त्यातली एक खाली अंथरली.

गोवर्धनला उठावं लागलं. ऊन कलत होतं आणि लांब जायचं होतं. त्यानं पोरीच्या कपाळाला बोट लावलं, चपला घातल्या. तांदळाचं पोतं प्रफुलनंच उतरवून आत ठेवलं.

गाडी बोळातून मागं काढायची होती आणि गोवर्धनला ते नीट जमत नव्हतं. एकदा चाक नालीच्या काठावर गेलं. तेव्हा प्रफुल बाहेर आला, गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला आणि हात वर केला.

"येऊ द्या," तो म्हणाला. "येऊ द्या. डावं काटा. आजून. बस. आता सीधं येऊ द्या."

ड्रायव्हर कोण आहे हे न पाहता सारे क्लीनर ज्या आवाजात बोलतात, त्याच आवाजात तो बोलत होता. गोवर्धन आरशात त्याचा हात पाहत गाडी मागं घेत राहिला. भिंत दोन्हीकडून अगदी जवळून सरकत गेली, पण कुठं लागली नाही. गाडी मोठ्या रस्त्यावर आली आणि सरळ झाली. प्रफुल बाजूनं चालत पुढं आला. गोवर्धननं हात लांबवून भावासाठी डावीकडचं दार आतून उघडलं.

प्रफुलनं ते बाहेरून लावलं. नीट लागलं का म्हणून एकदा दाबून पाहिलं. मग पत्र्यावर तळहात मारला.

"जाऊ द्या," तो म्हणाला.